रस्त्याकडची पट्टी

२ जानेवारी १९८९, सोमवार

आज दफनभूमीवर रुजू झाले. मस्टरवर सही केली. थंडी फार आहे, असं मी उगीचच म्हणाले.

अकरा वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. माणूस गेल्याचं मला कागदावरून कळायचं. आता तो समोरून येणार. इथले कारकून डिसेंबरात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यायला ऑफिसातला एकही पुरुष तयार होईना. एकाला दमा, एकाच्या घरी बाळंतपण, एकाने देवीचा नवस बोललेला. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वेळेवर कारण सुचलं नाही.

नदीकडची बाजू दहनाची, तिथे वेगळा माणूस आहे. माझ्याकडे अलीकडची दोन एकर. महानुभावांची, लिंगायतांची, गोसाव्यांची माणसं इथे येतात, बेवारसही येतात. एक पत्र्याची खोली, एक कपाट, भिंतीवर नियमांचा बोर्ड, आणि उखर्डूआबा. आबा खड्डे खणतात. तीस वर्षं झाली, पुढच्या वर्षी रिटायर होतील. दिवसभरात माझ्याशी दोनच वाक्यं बोलले. त्यातलं एक नळाला पाणी नाही, हे होतं.

घरी आले तर सासूबाईंनी उंबऱ्याबाहेरच थांबवलं. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. पायांवर पाणी घातलं, अंघोळ करूनच चुलीपाशी ये म्हणाल्या. जेवताना मधेच त्यांनी विचारलं, दरवाजा अजून नदीकडूनच आहे का. मी म्हटलं, नाही, रस्त्याकडून आहे. बायका कधी तिकडे जात नाहीत, अक्कांना दरवाजा कुठून माहीत? कुणाकडून ऐकला असेल.

४ जानेवारी, बुधवार

हेडक्लार्क तोताराम भाऊसाहेब स्कूटरवरून आले. रस्त्यालगत चाळीस फुटांची एक पट्टी आहे, बाभळींनी भरलेली. तिथे नगरपालिका दुकानांचे गाळे बांधणार आहे. त्यासाठी माझा दाखला हवा. मजकूर त्यांनी टाइप करूनच आणला होता: सदर पट्टीत दफन झाल्याची नोंद नाही.

मी दोन्ही रजिस्टरं चाळली. खरंच नोंद नव्हती. सही केली, शिक्का मारला. भाऊसाहेब म्हणाले, बाई कामाला चपळ आहेत. इथे आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

९ जानेवारी, सोमवार

आज नियमावरून पहिलं भांडण. सहा फूट खोली हा नियम आहे, पण साडेचार फुटांवर मुरूम लागला आणि लोक म्हणाले, चालेल एवढं. मी पदर खोचून कडेला बसले आणि टेप खाली सोडली. बाई माप घेतेय म्हणून कुजबूज झाली. मी आबांना म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. आबांनी पहार घेतली. त्यांना दीड तास लागला. जाताना त्या घरातले एक म्हातारे माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, पोरी, बरं केलंस, आमच्या नानाला कुत्र्यांची फार भीती वाटायची.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत

गल्लीत कोणीही हळदीकुंकवाला बोलावलं नाही. दरवर्षी सात-आठ घरं असतात. आमची लता सातवीत आहे, तिने शाळेत सांगितलंय की आई पाणीपुरवठ्यात असते. मी रागावले नाही. तिळगूळ डब्यात तसाच आहे.

अक्का रोज विचारतात, आज कोण आलं होतं. लहान होतं का मोठं होतं. त्यांना या नोकरीचा विटाळ वाटतो, आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

ओव्हरसियर येऊन पट्टीवर चुन्याच्या रेघा मारून गेले. ते गेल्यावर उखर्डूआबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत कधी येत नाहीत, आजही आले नाहीत.

"ताई, ती जागा रिकामी नही शे," ते म्हणाले. "तठे लेकरं शेत."

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांच्या आतलं मूल गेलं की त्याला जाळत नाहीत, कुठल्याही जातीचं असो. बाप आणि एखादा नातेवाईक कापडात गुंडाळून आणतात. आबा कमरेइतका खड्डा करतात, मीठ घालतात, वर माती, दगड, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या. त्या फांद्यांच्या शेंगा गळून बाभळी उगवल्या. मला ते रान वाटलं होतं. आधीचे कारकून एवढ्या लहानाचं नाव विचारायचे नाहीत. बाप सांगायच्या मनःस्थितीत नसायचा, आणि रजिस्टरात तसा रकानाही नव्हता.

मी विचारलं, किती असतील. आबा म्हणाले, "बठ्ठी पट्टी भरेल शे." सगळीच्या सगळी.

दुपारचा डबा उघडला नाही.

१८ जानेवारी, बुधवार

तोताराम भाऊसाहेबांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दाखल्यात खोटं काय आहे? नोंद नाही असं लिहिलंय, आणि नोंद नाहीच. आता तुम्ही सही मागे घेतली तर चौकशी तुमची होईल, त्या आबाची नाही. आणि एवढी एवढीशी लेकरं, त्यांची वर्षभरात माती होते. हे त्यांनी वाईटपणाने म्हटलं नाही. माझ्या भल्यासाठीच म्हणत होते.

घरी येऊन एक अर्ज लिहिला. फाडला. अकरा वर्षांची नोकरी आहे. हे जळगावला पाइपच्या कारखान्यात रोज गाडीने जातात-येतात, दोघांच्या कमाईवर घर चालतं. यांना काही सांगितलं नाही.

२१ जानेवारी, शनिवार

बाजाराचा दिवस. बारा वाजता एक बाई फाटकापाशी उभी दिसली. हातात बाजाराची पिशवी, वय माझ्याएवढंच. आत या म्हटलं तर येईना. शेवटी म्हणाली, इथे ऑफिसात बाई आल्यात असं ऐकलं म्हणून आले.

तिचं नाव कमलबाई. चार कोसांवरच्या खेड्यात त्यांची केळी आहे. नऊ वर्षांपूर्वी इथल्या दवाखान्यात मुलगा झाला, चार दिवस जगला. नवरा घेऊन गेला, ती खाटेवर होती. घरी गेल्यावर कोणी विषय काढला नाही, तिनेही नाही. त्यानंतर दोन मुली झाल्या. दर शनिवारी बाजाराला येते तेव्हा या भिंतीच्या बाजूने जाते.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "डोकं कोणत्या बाजूला ठेवतात?"

मला माहीत नव्हतं. मी आबांना हाक मारली. आबा म्हणाले, उत्तरेला. मग त्यांनी विचारलं, कापड कसं होतं. जांभळ्या लुगड्याचा तुकडा, तिचंच लुगडं. आबांनी डोळे मिटले, आणि मग बाभळींतून वाट काढत तिला एका जागी घेऊन गेले. ती बसली. रडली नाही. जमिनीवरचे काटे एकेक वेचून बाजूला टाकत राहिली. अर्ध्या तासाने उठली. तिने मला विचारलं, इथे कोणाचा पाय नाही ना पडणार.

मी नाही म्हणाले. चुन्याची रेघ तिच्यापासून हातभर होती. माझी सही ऑफिसात फायलीला लागलेली आहे, आणि मी नाही म्हणाले.

२४ जानेवारी, मंगळवार

यादी करायला घेतली. अर्ज नंतर. आधी काय आहे ते तरी कळू दे.

आबांनी तुराट्यांचा भारा आणला. ते एकेका जागी थांबतात, मी तुराटी रोवते आणि वहीत लिहिते. आबांना नावं फार थोडी ठाऊक आहेत. त्यांना बाप आठवतात. हा एस.टी.चा ड्रायव्हर होता, खाकी कपड्यातच आला. हा मास्तर, त्याने स्वतः माती लोटली, मला लोटू दिली नाही. हे जुळं, एकाच खड्ड्यात. हा बाप नरडाण्याहून गाडीने आला होता, मांडीवर घेऊन, शेजारच्यांना कळू दिलं नाही. मी लिहिते आणि मधेमधे थांबते. आबा थांबत नाहीत.

मी विचारलं, एवढं लक्षात कसं राहतं. आबा म्हणाले, "मना आगे चार ग्यात. पाचवा मी. मना मायनी माले उकिरडावर टाकी दिधं, म्हनीसन मी उखर्डू." यमाला वाटावं हे पोर टाकाऊ आहे, म्हणून आईने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं. त्यांचे ते चौघं भाऊ-बहिणी याच पट्टीत आहेत. त्यांचे वडीलच तेव्हा इथे खणायचे.

२८ जानेवारी, शनिवार

आज सहा बायका आल्या. कमलबाईने कोणाला सांगितलं कोण जाणे. एक जण साठीची होती.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं, सहीचंही. हे म्हणाले, तुला जे बरोबर वाटेल ते कर, पण नीट कर. अक्कांनी विचारलं, गाळे नक्की कुठे होणार. मी म्हटलं, रस्त्याकडच्या पट्टीत, जुन्या विहिरीपासून फाटकापर्यंत. अक्का अर्ध्या भाकरीवरून उठल्या. हात धुतला आणि अंगणात जाऊन बसल्या.

मला फार राग आला. नोकरी जाईल म्हणून एवढं. लोकांची लेकरं तिथे आहेत, त्याचं काही नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

यादी संपली. दोनशे सात. ही फक्त आबांच्या काळातली. त्यांच्या वडिलांच्या वेळची वेगळी, ती कोणालाच सांगता येणार नाहीत.

अक्का तीन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. माझ्या पायांवर पाणीही घातलं नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

दुपारी दोनच्या सुमारास अक्का आल्या. चालत, एकट्या. फाटकातून सरळ आत आल्या आणि माझ्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं घरी काहीतरी झालं. लताचं नाव तोंडात आलं माझ्या.

"मना पह्यला आंडोर तठे शे, कुंदा," अक्का म्हणाल्या.

त्यांचा पहिला मुलगा, त्या पट्टीत. आबांनी त्यांना माठातलं पाणी दिलं. मग त्या बसून बोलल्या, सावकाश. साल पन्नास. बाळंतपण घरीच झालं. पाचवी पुजली, आणि सहाव्या दिवशी सकाळी मूल गेलं. अक्कांच्या सासऱ्यांनी नेलं. "माले देखू बी नही दिधं," त्या म्हणाल्या. नंतर तीन वर्षांनी हे झाले. आपल्या आधी एक भाऊ होता, हे यांना आजपर्यंत माहीत नाही. सासऱ्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं की दरवाजा नदीकडून आहे आणि विहिरीजवळ ठेवलं.

महिनाभर मी याच वहीत काय काय लिहिलंय. मागची पानं वाचली तर माझी मला लाज वाटते. ती बाई मला विटाळ म्हणून विचारत नव्हती.

उखर्डूआबांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, तेव्हा माझा बाप खणायचा, नेमकी जागा मला सांगता येणार नाही. पण बापाने सुरुवात विहिरीकडून केली, त्यामुळे त्या सालचं जे असेल ते विहिरीपासून दहा हातांत. अक्का त्या दहा हातांत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, चप्पल काढून, दोनदा. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, कागदावर काय लागतं ते सांग.

मी सांगितलं, नातेवाइकांचे जबाब लागतील, सही किंवा अंगठा. अक्कांनी अंगठा पुढे केला. पहिला जबाब त्यांचा.

घरी जाताना आम्ही दोघी बरोबर गेलो. त्यांनी यांना सगळं सांगितलं. यांनी विचारलं, त्याचं नाव काय ठेवणार होता. अक्का म्हणाल्या, बारशाआधीच गेला. पण त्या मनात त्याला कौतिक म्हणत असत.

६ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज दिला. चारच ओळी. माझा ४ जानेवारीचा दाखला अपुरा व दिशाभूल करणारा आहे. नोंद नाही, पण दफन आहे. मी जागा न पाहता सही केली, ही माझी चूक. सोबत यादी व एकोणीस जबाब जोडले आहेत.

तोताराम भाऊसाहेबांनी वाचून चष्मा काढला. आवक नंबर त्यांनी स्वतः टाकला. म्हणाले, बाई, आता मागे फिरता येणार नाही. मी म्हटलं, हो.

बाहेर आल्यावर उसाचा रस प्यायले. असं एकटीने कधी प्यायले नव्हते.

९ फेब्रुवारी, गुरुवार

कारणे दाखवा नोटीस आली. कामात हयगय केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये. सात दिवसांत खुलासा. सोमवारचा सगळा धीर गेला. निलंबित झाले तर लोक म्हणतील, स्मशानातून पण काढली.

अक्का मात्र घरी नसतात. गिरणीत दळण टाकतात आणि तिथेच बसतात, आल्या-गेल्या बाईशी बोलतात. आज आणखी अकरा अंगठे घेऊन आल्या. त्यात आमच्या गल्लीतल्या चार. संक्रांतीला न बोलावलेल्यांपैकी.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मुख्याधिकारी स्वतः पाहायला आले. बाहेरगावचे आहेत, वय पस्तीसच्या आत. तुराट्या मोजायला लागले, तीस-पस्तीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. एका तुराटीकडे बोट दाखवून आबांना विचारलं, हे कोण. आबांनी सांगितलं: तलाठ्याची मुलगी, पावसाळ्याचे दिवस, बापाने छत्री तिच्यावर धरली होती, स्वतः भिजत उभा होता. साहेबांनी लहान मुलासाठी खोली किती असते ते विचारलं आणि मग बराच वेळ चष्मा पुसत होते. धूळ फार आहे इथे.

मला म्हणाले, सही का केली? मी म्हटलं, रजिस्टर पाहिलं, जागा पाहिली नाही. ते म्हणाले, यापुढे जागा पाहून देत जा. एवढंच. जीपमध्ये बसून गेले. रागावलेच असणार.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सुटले. आधी एवढंच लिहिते.

सर्वसाधारण सभा अकराला होती. मला हजर राहायला सांगितलेलं, मी मागच्या बाकावर. बाहेर व्हरांड्यात बायका येऊन बसल्या होत्या. घोषणा नाही, फलक नाही, भिंतीला टेकून नुसत्या बसलेल्या. शिपायाने मोजल्या, साठावर होत्या. पहिल्या ओळीत अक्का.

बांधकाम समितीचे सभापती देवचंदभाऊ उठले. गाळ्यांसाठी व्यापाऱ्यांचे किती अर्ज आलेत ते सांगत होते. एका वयस्क नगरसेवकाने मधेच विचारलं, देवचंदभाऊ, बाहेर बसलेल्यांचे किती आलेत? सभागृहात कोणी हसलं नाही. देवचंदभाऊ दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, जुन्या जकात नाक्याची जागा पण आहे, ती मी सुचवतो. ठराव पाच मिनिटांत झाला. पट्टीला तारेचं कुंपण. यापुढे प्रत्येक मुलाची नोंद, ओळ आणि नंबरासह. मी दिलेल्या टिपणातला "आईचे नाव" हा रकानाही मंजूर.

मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात लागेल. निलंबन नाही, बदली नाही. तोताराम भाऊसाहेबांनी ताकीद हातात देताना पेढा पण दिला. पेढा कशाबद्दल ते सांगितलं नाही.

घरी हे म्हणाले, पुढे निवडणूक आहे हे देवचंदभाऊंना बरं आठवलं. असेल. मला चालेल. वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या. महिनाभरात पोटाला अन्न आज लागलं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

कमलबाई आली. आज नवऱ्याला घेऊन. भाईदास नाव, उंच, टोपी हातात. तो फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहिला. मी बोलवायला गेले. म्हणाला, नऊ वर्षं या रस्त्याने केळीचा भाव बघायला जातो, या भिंतीकडे मान वळवली नाही. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, ती विसरली.

आत आला. कमलबाई तिच्या तुराटीजवळ बसली होती. भाईदास तिच्यामागे उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, ही नाही. त्या दगडापलीकडची. मी तो दगड स्वतः लोटला होता.

दोन तुराट्या पलीकडे. आबा गेले, वाकून पाहिलं, आणि म्हणाले की बाप सांगतो ते खरं. त्यांचा चेहरा उतरला. दोनशे सात जागा मी एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर लिहिल्या, सभेपुढे ठेवल्या. एक चुकली तर आणखी किती चुकल्या असतील? आणि ही बाई पाच शनिवार दुसऱ्याच कोणाच्या मुलापाशी बसली होती. मी तिची माफी मागायला लागले.

कमलबाई उठून पलीकडे गेली. नवऱ्याने दाखवलेल्या जागेवर हात ठेवला, दोघं बाजूबाजूला बसले. बऱ्याच वेळाने ती परत पहिल्या तुराटीकडे आली आणि तिथेही बसली.

मला म्हणाली, "असू द्या ताई. मी दोन्हीकडे बसत जाईन. याची आई अजून आली नाही."

वहीत दुरुस्ती केली. तांबड्या शाईने, तारीख घालून, भाईदासची सही घेऊन. जुन्या ओळीपुढे आता नाव नाही. आईच्या नावाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: येईपर्यंत कमलबाई.